कोतेलला शुक्रवारी जाणाऱ्यांनी परतीची सोय आधी करावी

ठाण्याहून निघण्यापूर्वी आमचा प्रवास ठरवून देणाऱ्या मध्यस्थाने छातीठोकपणे सांगितले होते की, जेरुसलेमची पश्चिम भिंत, म्हणजे यहुद्यांचे पवित्र प्रार्थनास्थळ असलेले कोतेल, चोवीस तास उघडी असते आणि मुक्काम मध्यवर्ती बसस्थानकाजवळ असल्याने जाण्यायेण्याची काहीही चिंता नाही. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे शुक्रवारी पूर्णपणे खोटे ठरते, आणि आपल्या बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजातील बहुतेकांना शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, स्वागत कोतेलसमोरच करायचे असल्यामुळे ते नेमके त्यांच्याच अंगाशी येते.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी शहरातील बसगाड्या आणि ट्राम बंद होतात, त्या शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावरच पुन्हा सुरू होतात. जाताना आम्हाला कोतेलजवळच्या डंग गेट या जुन्या शहराच्या वेशीपर्यंत बस मिळाली. प्रार्थना आटोपून बाहेर आलो तेव्हा तेथे फक्त टॅक्सीवाले उभे होते. पहिल्याने मीटर लावण्यास साफ नकार देऊन दीडशे शेकेल (इस्राएलचे चलन) मागितले, दुसऱ्याने त्याच्याकडे पाहून तोच आकडा सांगितला, आणि दिवसभराच्या पायपिटीने थकलेले असल्यामुळे आम्ही ते दिले. त्याच अंतराला पुढे एकदा मीटरने जेमतेम तिसरा हिस्सा पडला. रात्रीचा आणि शब्बाथचा दर दिवसापेक्षा जास्त असतो हे मान्य केले, तरी ही उघड लूट होती. मीटरचा आग्रह धरणे हा प्रवाशाचा हक्क आहे. तो धरावा, आणि गेटपासून दूर चालत जाऊन टॅक्सी थांबवावी.

याहून चांगला मार्ग पायी जाण्याचा आहे. बसस्थानक सुमारे चार किलोमीटरवर आहे. कोतेल खोलगट भागात असल्यामुळे परतीची वाट चढाची आहे आणि जुन्या शहरातील दगड झिजून गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून तळ घट्ट पकडणारे बूट हवेत. जाफा गेट या जुन्या शहराच्या दुसऱ्या वेशीतून बाहेर पडून जाफा रस्त्याने ट्रामच्या रुळांच्या कडेने चालत राहिल्यास वाट चुकत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की, त्या एका रात्रीपुरता तरी मुक्काम जुन्या शहरात किंवा जाफा गेटजवळ करावा, मग खोली महाग पडली तरी चालेल.

दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती म्हणजे मोबाईलची. शब्बाथला त्या प्रांगणात फोन वापरण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. पुरुष डावीकडे आणि स्त्रिया उजवीकडे जातात, त्यामुळे माझी आणि भावाची चुकामूक झाली आणि गर्दीत त्याला शोधण्यात फार वेळ गेला. आत शिरण्यापूर्वीच भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी. हात धुण्याच्या नळांजवळची जागा सोयीची आहे. भिंतीच्या फटीत ठेवण्याची प्रार्थनेची चिठ्ठी सूर्यास्तापूर्वी लिहून ठेवावी, कारण शब्बाथला लिहिणे निषिद्ध आहे. या चिठ्ठ्या वर्षातून दोनदा, पेसाह आणि रोश हशाना या सणांपूर्वी, काढून ऑलिव्ह पर्वतावर पुरल्या जातात.

स्त्रियांचा विभाग पुरुषांच्या विभागापेक्षा बराच लहान आहे, आणि हे मला अन्यायाचे वाटते. पुरुषांना त्यांच्या बाजूच्या विल्सन कमान या जुन्या दगडी कमानीखाली छताचा आसरा मिळतो. हिवाळ्यात जाणाऱ्या स्त्रियांनी पावसाची तयारी ठेवावी. वाटेत मनगटावर लाल दोरा बांधून पैसे मागणारे भेटतात. दान द्यायचे असेल तर स्वतःहून द्यावे, हात मात्र पुढे करू नये.

एवढे असूनही जावे, असेच मी सांगेन. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यहुद्यांचे जेरुसलेममधील मंदिर उद्ध्वस्त केले, त्याच्या आवाराची ही आधारभिंत उरली. 1948 ते 1967 या काळात यहुद्यांना येथे येताही येत नव्हते. कोकण किनाऱ्यावर नौगावला फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या आपल्या पूर्वजांना इतर प्रार्थना विसरल्या तरी ‘शमा इस्राएल’ ही एकेश्वराची प्रार्थना आठवत राहिली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या सिनेगॉगांत, म्हणजे प्रार्थनामंदिरांत, हेखल (तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट) पश्चिमेला असते, कारण जेरुसलेम पश्चिमेला आहे. येथे मात्र पूर्वेकडे तोंड करून, कपाळ दगडाला टेकवून मी तीच ‘शमा’ म्हटली तेव्हा अश्रू आवरले नाहीत, आणि शेजारच्या अनोळखी वृद्धेने न विचारता माझा हात धरला.

त्झफत आणि तिबेरिया या उत्तर इस्राएलमधील शहरांतले दिवस सुखात गेले, त्यांविषयी इशारा देण्यासारखे काही नाही. जेरुसलेममध्ये कोतेलच्या भिंतीलगतचा भुयारी मार्ग मात्र चुकवू नये. बाहेर भिंतीचा सुमारे 57 मीटरचाच भाग प्रार्थनेसाठी खुला दिसतो. तिची एकूण लांबी 488 मीटर आहे याची जाणीव भुयारातच होते, आणि तेथील एक अखंड दगड 13 मीटरहून लांब आहे. मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्याच्या सर्वांत जवळची मानली जाणारी जागाही आतच आहे, तेथे स्त्रिया शांतपणे प्रार्थना करतात. जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि शब्बाथला भुयार बंद असते, म्हणून रविवार ते गुरुवार यांतला दिवस निवडावा. सुक्कोथ या सणात कोहेनांच्या (पुरोहित वंशातील पुरुषांच्या) सामूहिक आशीर्वादाच्या दिवशी कोतेलसमोर प्रचंड गर्दी उसळते. गर्दीत घुसमटणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.