सोयीतली सोय

बँकॉकला यायचं नक्की झालं तेव्हा नवऱ्याच्या कंपनीने घर, विमा, विमानाची तिकिटं असं सगळं कागदावर लिहून दिलं होतं. चिपळूणहून आईने फोनवर एवढंच विचारलं, "खायची सोय काय?" ते कागदावर कुठेच नव्हतं. मीही "होईल गं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की थाई भाषेत गल्लीलाच 'सोय' म्हणतात. मोठ्या रस्त्याला फुटलेली प्रत्येक गल्ली म्हणजे एक सोय, आणि तिला नंबर. आमच्या सुखुमवित रस्त्याच्या एका अंगाला विषम आकड्यांच्या सोयी, दुसऱ्या अंगाला सम. दोन्ही बाजूंचे आकडे बरोबरीने पुढे सरकत नाहीत, त्यामुळे ५५ नंबरच्या सोयीसमोर ५६ असेल म्हणून रस्ता ओलांडावा तर समोर ३८ उभी. मी आईला कळवून टाकलं, इथे सोयच सोय आहे. खाण्याचे मात्र तीन महिने हाल झाले.

हाल म्हणजे उपाशी राहिलो असं नाही. मॉलच्या फूड कोर्टात जेवलो, पर्यटकांच्या रस्त्यावर जेवलो. अशाच एका ठिकाणी फोटोंचं लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड बघून पाद थाई मागवलं. त्यात चिंचेचा कोळ असतो एवढं ऐकून होते. ताटलीत आल्या त्या टोमॅटो सॉसमध्ये बुडवलेल्या शेवया, आणि शेजारी केळफुलाचा एक कच्चा तुकडा. अख्ख्या ताटलीत ओळखीचं आणि मनापासून खावंसं वाटलं ते तेवढं केळफूल.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "चांगलं खायला कुठे मिळतं?" १७ उत्तरं आली, सतराच्या सतरा भारतीय हॉटेलांची. तूरडाळ-कढीपत्त्यासाठी फाहुरतला, म्हणजे इथल्या भारतीय बाजारात जा, हेही सांगितलं, ते उपयोगी पडलं. एका काकूंनी मात्र वेगळा निरोप पाठवला, "थाई खाण्याला मासळीचा वास येतो गं, जपून." वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या मुलीला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधापासून सावध करणं.

शेवटी वाट दाखवली ती नारिंगी जाकीटवाल्या काकांनी. इथे बहुतेक सोयींच्या तोंडाशी मोटरसायकलवाल्यांचा अड्डा असतो. नंबर लिहिलेली नारिंगी जाकिटं घालून ही मंडळी माणसांना आत-बाहेर सोडत असतात. दिवसभर याच गल्ल्या पालथ्या घालणारा माणूस दुपारी जेवतो कुठे, हे त्यालाच विचारायला मला तीन महिने का लागले कोण जाणे. विचारलं तेही धड नाही. थाईत 'खाव' म्हणजे भात, पण सूर चुकला की तोच 'खाव' पांढरा रंग होतो आणि आणखी चुकला की बातमी. मी बहुधा "काका, तुम्ही बातमी कुठे खाता?" असं विचारलं असणार. काका खो खो हसले आणि मागच्या सीटवर थाप मारून म्हणाले, बस.

(सुरांत आपण मार खातो, पण प आणि फ मध्ये नाही. 'पेत' म्हणजे बदक आणि 'फेत' म्हणजे तिखट. इंग्रजी बोलणारे बदक मागायला जातात आणि तोंडातून निघतं तिखट. बालवाडीत घोकलेली बाराखडी अशी परदेशात कामाला येते.)

काकांनी सोडलं ते दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, स्टीलची चार टेबलं, प्लास्टिकची लाल-निळी स्टुलं, टेबलावर हात पुसायला गुलाबी टॉयलेट पेपरचा रोल. समोर मांडलेले पंधरा-सोळा स्टीलचे ट्रे आणि मागे उभी एक साठीतली बाई. अशा दुकानाला 'खाव कॅंग' म्हणतात. सरळ मराठी करायचं तर भात-कालवण. मेन्यूकार्ड नाही, फोटो नाहीत. ट्रेकडे बोट दाखवायचं, ती भातावर वाढते. दोन कालवणं घेतली तर ५०-६० बाटांत जेवण.

सगळे त्या बाईला 'पा' म्हणत होते. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मावशी-आत्या असा भेद नाही, थोरली असली की झालं. मी मनात तिचं नाव पामावशी ठेवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किन फेत दाय मय?" तिखट खाता येतं का? चिपळूणच्या बाईला हा प्रश्न! मी मान ताठ करून "दाय" म्हटलं. सुक्या मसाल्यात परतलेल्या माशाच्या एका तुकड्यानंतर माझे कान वाजायला लागले. बारीक, पेराएवढी मिरची होती ती. तिचं नाव 'फ्रिक खी नू', म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची. पामावशीने काही न बोलता बर्फाचं पाणी आणि काकडीचे तुकडे पुढे सरकवले. त्या दिवसापासून ती मला 'नू' म्हणते. नू म्हणजे उंदीर. इकडे लहान मुलीला लाडाने तसंच म्हणतात, पण मला अजून शंका येते की तिला नक्की कोणता उंदीर म्हणायचं होतं.

निघताना नवऱ्यासाठी हिरवं कालवण बांधून घेतलं. 'बांधून' हा शब्द इथे अगदी खरा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत कालवण ओतायचं, वर हवा ठेवून पिशवी टम्म फुगवायची, रबरबँडचं एक टोक अंगठ्याखाली दाबून बाकीचं तोंडाभोवती गरागरा फिरवायचं आणि शेवटचा फास अडकवून सोडून द्यायचा. सगळं दोन सेकंदांत, तेही बोलता बोलता, पिशवीकडे न बघता. उशीसारखी फुगलेली ती पिशवी मी घरी नेली आणि गाठ सापडेना म्हणून कात्री लावली. नारळाचं दूध, हिरवी मिरची आणि सुपारीएवढी गोल वांगी ओट्यावरून थेट फरशीवर. गाठ नसतेच. रबराचं मोकळं टोक ओढलं की आपोआप सुटतं, हे मला आठवड्याने कळलं.

मग नादच लागला. दुपारी बाराला ऑफिसातल्या मुली गळ्यात ओळखपत्रं लटकवून कुठे वळतात ते बघायचं. एक वाजता ज्याचे निम्मे ट्रे रिकामे, ते दुकान चांगलं. पाट्या मी अडखळत वाचायला लागले आणि एक दिवस एका जुन्या खानावळीच्या पाटीवर थबकले. नावापुढे शब्द होता 'फोचना'. थाईत उच्चार फ-च असा झाला तरी अक्षरं जुनीच ठेवतात. अक्षर लावून पाहिलं तर ते निघालं भोजना! जेवणाला 'अहान' म्हणतात, म्हणजे आपला आहार. चवीला 'रोत', म्हणजे रस. मोठ्या रेस्टॉरंटला 'फत्ताखान' म्हणतात. त्यातला 'भत्त' पाली भाषेतून आलेला, त्याचाच आपल्याकडे भात झाला, आणि पुढे आगार. भाताचं आगार! एसटीचं आगार माहीत असलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटतं, ते काय सांगू.

बाकी, कुठे जेवावं हे सांगणाऱ्यांची इथे कमी नाही. १९६१ पासून शेल या पेट्रोल कंपनीच्या नावाने चांगल्या दुकानांना पाटी दिली जायची, वाडग्याचं चित्र असलेली. ती अजून कित्येक जुन्या दुकानांत दिमाखात लटकलेली दिसते. २०१७ च्या डिसेंबरात टायरवाल्या मिशेलिनचं बँकॉकचं पहिलं पुस्तक आलं आणि डोळ्यांवर गॉगल चढवून कोळशावर खेकड्याचं ऑम्लेट तळणाऱ्या जे फाय बाईंना तारा मिळाला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ऑम्लेटसाठी हजाराहून जास्त बाट आणि वर काही तास रांग, हे आमच्या कोकणी हिशेबात बसत नाही. पेट्रोलवाले झाले, टायरवाले झाले. मी आपली मोटरसायकलवाल्यांचं ऐकते.

पामावशीकडे मला पहिला नातेवाईक भेटला तो 'प्ला थू'. बांबूच्या गोल टोपलीत दोन-तीन वाफवलेले मासे, मान मोडून बसवलेले, कारण सरळ ठेवले तर टोपलीत मावत नाहीत. तोंड खाली घातलेले, शाळेत ओरडा खाल्लेल्या पोरांसारखे. तळून समोर आला आणि पहिल्या घासाला मी ओळखला. हा बांगड्याच्या कुळातलाच, बांगड्याचा चुलतभाऊ. बरोबर 'काप्पी'ची चटणी होती, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून, मुरवून, वाटून केलेली. ग्रुपवरच्या काकू ज्या वासाबद्दल बोलत होत्या तो हाच. मला तो पावसाळ्यात माळ्यावरून सुकटाचा डबा काढल्यावर घरभर व्हायचा तसा वाटला. चमचा-काटा बाजूला ठेवून हाताने जेवले. पामावशीने पाहिलं, काही बोलली नाही, भाताचा आणखी एक डाव वाढला.

दुसरी ओळख जरा अवघड होती. 'पाद कप्राव' हा इथला सगळ्यात साधा पदार्थ. मिरची-लसूण ठेचून, कढई धूर येईपर्यंत तापवून, त्यात खिमा आणि शेवटी मूठभर पानं. वर कडा कुरकुरीत तळलेलं अंडं, त्याला 'खाय दाव' म्हणतात, ताऱ्याचं अंडं. काय खावं ते सुचेना की मागवायचं ते कप्राव, म्हणून त्याला चेष्टेत 'विचार संपलेल्यांचं जेवण' म्हणतात. आपल्याकडचं पिठलं-भात, अगदी तेच स्थान. त्यात फरसबी-कांदा घालणाऱ्यांवर इथले कट्टर लोक तसेच चिडतात जसे आपण पोह्यांत गाजर घालणाऱ्यांवर. मी ते सहा महिने आवडीने खाल्लं. मग एकदा मंडईत त्या पानांची जुडी घेतली, घरी येऊन पान चुरडलं आणि वास आला तशी मटकन बसले. ही तर तुळस! लाल देठाची, काळपट झाक असलेली, आपली कृष्ण तुळस. घरी जिच्यापुढे दिवा लावून मोठी झाले, ती मी सहा महिने चिकनबरोबर परतून खात होते. (डुकराबरोबरही, पण ते घरी कुणाला सांगितलेलं नाही.)

त्या जुडीतली दोन देठं मी कुंडीत खोचली. पुण्यासाठी की स्वयंपाकासाठी, ते तेव्हा ठरवलं नव्हतं. झाड मस्त फोफावलं आणि उपयोग स्वयंपाकालाच झाला.

२०२३ च्या ऑक्टोबरात आई आली, आणि आली ती नेमकी नवरात्राच्या तोंडावर. नऊ दिवस तिला कांदा-लसूण चालत नाही. मी तांदूळ-डाळीची तयारी करून ठेवली होती. १५ तारखेला घटस्थापना झाली आणि संध्याकाळी खाली उतरलो तर सगळी सोय पिवळ्या पताकांनी भरलेली. पताकांवर लाल अक्षर, 'जे'. चिनी वंशाच्या थाई लोकांचे हे नऊ दिवस. मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! त्यांच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून सुरू होतात. अमावास्या दोघांची एकच, त्यामुळे बहुतेक वर्षी आपलं नवरात्र आणि त्यांचं 'जे' हातात हात घालून येतं. एरवी नुसतं शाकाहारी हवं असलं तर 'मांगसविरत' म्हणायचं, म्हणजे मांसविरती. पण तेवढ्याने लसूण सुटत नाही. 'जे'मध्ये सुटतो.

पामावशीच्या पंधरा ट्रेंमध्ये दुसऱ्या दिवशी टोफू, अळिंबी, भोपळा, कोबी. पदराला हात पुसत आई प्रत्येक ट्रेवर वाकून वास घेत होती. पामावशी तिला थाईत काहीतरी समजावत होती आणि आई मराठीत "हो का? असं का?" करत होती. शेवटी एका ताटलीत पामावशीने भातावर अळिंबीचं कप्राव वाढलं. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. माझ्या पोटात गोळा.

"तुळस आहे ही."

"हो."

"आपण नैवेद्यावर एक पान ठेवतो," आई चावत चावत म्हणाली, "हिने मूठभर घातलंय." आणि दुसरा घास घेतला.

घरी आल्यावर बाल्कनीत कुंडी सापडायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. परदेशात पोरीने तुळस लावली म्हणून तिचे डोळे भरून आले. मी गप्प. तिन्हीसांजेला कुंडीपुढे दिवा लागला, हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि नियमही सांगून झाले. संध्याकाळनंतर पान तोडायचं नाही, द्वादशीला नाही, रविवारी नाही. "शेंडे मात्र बरे खुडलेत गं तू, म्हणून फुटलीय छान," ती म्हणाली. शेंडे कशासाठी खुडले ते तिने विचारलं नाही. तिला माहीत असणार असं मला आता वाटतं.

आई जाऊन बरेच दिवस झाले. सोमवार ते शनिवार सगळं पूर्वीसारखं चालू आहे, पण कुंकवाचा ठिपका असलेल्या कुंडीतलं पान रविवारी तोडायला हात होत नाही. आणि रविवारी पामावशीचं दुकान बंद असतं, कारण ऑफिसवाल्या मुली येत नाहीत. त्यामुळे रविवारी आम्ही पिठलं-भात खातो.