तुम्ही विचारलंत म्हणून: फलमशी माझं नातं

“हे फलम कुठे आलं, आणि तिथल्या सेमिनरीसाठी, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्राच्या कॉलेजसाठी, तुम्ही दर रविवारी प्रार्थना का करता?” उपासना सुटली की कुणी ना कुणी विचारतंच.

फलम म्यानमारच्या चिन राज्यात आहे, आपल्या मिझोरामच्या पलीकडे. पुण्यात धर्मशास्त्र शिकताना माझ्या खोलीत तिकडचा एक मुलगा होता. आम्ही दोघं एकाच घरचे, हे मला तिथेच उमगलं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलमला पाच तरुणांना एकत्र मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नगरची आमची मंडळी त्याच मिशनची. त्या पाचांतलेच अडोनिराम जडसन मात्र कलकत्त्यात बॅप्टिस्ट पंथाचे होऊन म्यानमारातल्या रंगूनला गेले. पुढे बॅप्टिस्ट मिशनचेच आर्थर आणि लॉरा कार्सन १५ मार्च १८९९ रोजी चिन डोंगरांतल्या हाखा गावी पोचले.

त्या डोंगरांत एक दरी ओलांडली की भाषा बदलते. तेदिमचं बोलणं हाखाच्या माणसाला कळेलच असं नाही. १९५३ मध्ये साइका गावी तिथल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी मिळून आपला एक संघ (कन्व्हेन्शन) स्थापला. ‘चिन’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, म्हणून स्वतःला त्यांनी ‘झोमी’ म्हटलं. फलमचं त्यांचं झोमी थिऑलॉजिकल कॉलेज आज चिन ख्रिश्चन इन्स्टिट्यूट ऑफ थिऑलॉजी म्हणून ओळखलं जातं. नावाचा हा विषय निघाला की माझा मित्र गप्प व्हायचा. त्यांच्या घरातही त्यावर एकमत नव्हतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९६६ नंतरचं. सरकारनं परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. आता शिकवायचं कुणी? तर त्याच डोंगरातल्या माणसांनी. १९८३ ते १९९९ या काळात तर त्यांनी दक्षिणेकडच्या गावांत आपले स्वयंसेवक सुवार्तेसाठी धाडले. आपण बाहेरच्या मदतीची सवय किती सहज लावून घेतो! म्हणून ते पाळक मला गुरुस्थानी आहेत.

२०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथली परिस्थिती फार वाईट झाली. त्या सप्टेंबरात चिन राज्यातल्याच थंतलांग गावात घरं पेटली. आग विझवायला निघालेले पाळक कुंग बियाक हुम गोळीला बळी पडले. नंतर लढाई फलमपर्यंत आली. मित्राचा फोन आठवडेच्या आठवडे लागत नाही, आणि रविवारी तर मला प्रार्थनेला उभं राहायचंच असतं.