प, र, क, त

विम या एडिटरमध्ये कोड लिहिणाऱ्याच्या संगणकावर इनस्क्रिप्ट ही मराठी कळमांडणी चालू राहिली, की त्याचे हाल लांबूनही ओळखू येतात. विममध्ये एस्केप दाबल्यावर कळा अक्षरं उमटवत नाहीत, आज्ञा देतात. ते दाबून झालेलं असतं, उजवा हात सवयीने एच-जे-के-एलवर फिरत असतो आणि कर्सर काही जागचा हलत नाही. डावीकडे, खाली, वर, उजवीकडे असं विमला कळायला हवं. त्याच्या कानी जातं प, र, क, त. एस्केप राहून गेलं असेल तर आणखी मजा. पायथन भाषेतल्या कोडच्या मधोमध 'परकत' उमटतं. पायथनला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे एका ओळीत एकटंच पडलेलं हे 'परकत' तो मुकाट्याने ठेवून घेतो आणि ती ओळ चालवायची वेळ आली की 'हे कोण?' म्हणून अडून बसतो.

यावर औषध आहे. विमच्या 'कीमॅप' पर्यायात सिस्टिमचा लेआउट इंग्रजीच ठेवायचा आणि डावीकडे रोमन अक्षर, उजवीकडे देवनागरी अशी साधी यादी असलेली फाइल विमला द्यायची. मग इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे कळा अक्षरं उमटवत असताना, कंट्रोल आणि ६ दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. एस्केपनंतरच्या आज्ञांना मराठीचा स्पर्शही होत नाही. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरच्या विम एक्स्टेन्शनमध्ये इन्सर्ट सोडताना लेआउट आपोआप बदलायची सेटिंग आहे, पण तिला लेआउट बदलणारा बाहेरचा छोटा प्रोग्रॅम जोडून द्यावा लागतो. तो न जोडता सेटिंगला नावं ठेवणारे बरेच.

पण मुळात एच-जे-के-एलच का? बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकात बर्कलेला विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर. त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी, करंगळीला सहज लागणारी. आज ती पार कोपऱ्यात गेली आहे आणि तरी विमवाले दर मिनिटाला तिथवर जाऊन येतात. इमॅक्स या प्रतिस्पर्धी एडिटरवाल्यांचं दुखणं याच जातीचं, त्यांच्या आज्ञांना सारखी कंट्रोल लागते. एमआयटीतल्या लिस्प मशीन या जुन्या संगणकाच्या कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला खेटून, अंगठ्याच्या टप्प्यात होती. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवरही ती निदान ए-च्या शेजारी तरी होती. १९८५ च्या मॉडेल एम या कीबोर्डवर तिथे कॅप्स लॉक येऊन बसला, कंट्रोल खाली कोपऱ्यात गेली आणि कळ दाबता दाबता करंगळीत कळ येऊ लागली. दोन पंथांचं भांडण ऐकताना वाटतं मोठा तत्त्वाचा प्रश्न आहे. भांडत असतात ती बोटं, आणि तीही भंगारात गेलेल्या यंत्रांच्या वतीने.

वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांच्या, म्हणजे फ्रेमवर्कच्या, भांडणाला इतकं आयुष्य नसतं. अँग्युलरजेएस २०१० चं. २०१६ मध्ये त्याच नावाने जवळजवळ नवंच काहीतरी आलं. रिअ‍ॅक्ट २०१३ चं, आणि २०१९ मध्ये हुक्स ही नवी सोय आल्यावर त्यातली लिहायची पद्धतच फिरली. डोक्याने शिकलेलं डोकं विसरतं. बोटं विसरत नाहीत.

म्हणून तर कीबोर्डवर एवढा खल. कळेखालचा चेरी एमएक्स घराण्याचा स्विच साधारण ४ मिलिमीटर खाली जातो आणि त्याची नोंद अर्ध्या वाटेवर, २ मिलिमीटरला होते. लाल रंगाचा सरळ जातो, ४५ ग्रॅमच्या आसपासच्या जोराने. तपकिरीला वाटेत बारीकसा उंचवटा लागतो. निळा टकटकतो, आणि त्याची गोम आवाजापलीकडची आहे: नोंद होते त्या बिंदूच्या बराच वर आल्याशिवाय तो 'सुटला' असं धरत नाही. एस्केपऐवजी दोनदा पटकन जे मारायची युक्ती ज्यांनी लावली आहे, त्यांचा दुसरा जे निळ्यावर हुकू शकतो. शेजारच्या टेबलवाल्यांचं मत इथे विचारात घेतलेलं नाही.

स्विच बदलता येणारा कीबोर्ड घेतला तर घाई करू नये. स्विचच्या तळाला धातूचे दोन पाय असतात. एक जरी वाकडा असला आणि वरून जोर दिला, तर तो आत दुमडतो आणि कळ मुकी होते. चिमट्याने सरळ करून पुन्हा बसवता येतो. सॉकेटला मागून बोटाचा आधार द्यावा, नाहीतर ते डागाच्या ठिकाणी उखडतं आणि काम सोल्डरिंगवर जातं. एकदा दाबून अक्षर दोनदा उमटत असेल तर आतला संपर्क थरथरतोय. क्यूएमके हे कीबोर्डच्या आत चालणारं फर्मवेअर मुळात ५ मिलिसेकंद थांबून मगच नोंद घेतं. ते १० करून पाहावं, नाही जमलं तर स्विच बदलावा. इनस्क्रिप्टमध्ये हे डी-ला झालं तर लगेच कळतं. डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडायची खूण. दोन हलन्त लागोपाठ पडले की बहुतेक ठिकाणी ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ येतं.

ड्व्होराक या वेगळ्या इंग्रजी मांडणीचं कौतुक सांगणारे म्हणतात, स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. इनस्क्रिप्टमध्येही तेच आहे. फक्त म, न, व डाव्या हाताच्या खालच्या ओळीत गेले आहेत, म्हणून 'नाव' हा शब्द अख्खा डाव्या हाताने लिहावा लागतो. खरी गंमत कोलमॅक ही आणखी एक इंग्रजी मांडणी वापरणाऱ्याची. त्याने मांडणी फर्मवेअरमध्येच बदलली असेल, तर के-च्या जागेवरची कळ संगणकाला 'ई' असं सांगते. इनस्क्रिप्ट ई-चा काना करतं. क मागितला, काना मिळाला. कीबोर्डला मराठी येत नाही, तो नुसते क्रमांक पाठवतो. अक्षर ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. कोलमॅक सिस्टिममध्ये ठेवावी किंवा फर्मवेअरमध्ये नेहमीच्या क्वर्टी मांडणीचा एक थर, म्हणजे त्याच कळांना दुसरे अर्थ, राखून मराठीला तो लावावा.

आणि आता ४२ कळांचे, दोन तुकड्यांचे कीबोर्ड. इंग्रजी अक्षरं सगळी हाताशी, ब्रॅकेट आणि बॅकस्लॅश मात्र वरच्या थरात. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या चौकटी ब्रॅकेटवर ड बसतो, बॅकस्लॅशवर 'कॉफी'मधली ॉ ही मात्रा. साधी 'गाडी' लिहायलाही अंगठ्याने थर बदलायचा. ढ-ला त्यात शिफ्टही लागते: अंगठा एका कळेवर, करंगळी दुसरीवर, तिसरं बोट ब्रॅकेटवर. वर्गात ज्याला सगळे ढ म्हणायचे, त्याच्यासाठी एवढी कसरत कधीच कोणी केली नव्हती.