दर तिसऱ्या दिवशी उतरणारी बॅटरी

"मास्तर, ही दुसरी बॅटरी हाय. वॉरंटीत बदलून आणली, ती पण बसली. आता गाडीच काढून टाकतो," असं म्हणत अण्णांनी गाडी ढकलत आणून दुकानासमोर लावली. मे महिना, वर सोलापूरचं ऊन, अण्णा घामाने निथळत होते. आधी पाणी दिलं, मग सीट उघडली.

अण्णांचा पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना. खाली माग, वर घर, आपल्याकडे असतं तसं. दुचाकी 2020 नंतरची, बीएस-6, किक नसलेली. या गाड्यांची पंचाईत अशी की बॅटरी पार उतरली तर ढकलूनही चालू होत नाहीत, कारण टाकीतला पेट्रोल ढकलणारा पंप आणि इंजिनात ते फवारणारा इंजेक्टर दोन्ही बॅटरीवर. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारला की काम भागायचं.

तक्रार साधी. सकाळी बटन दाबलं की रिले, म्हणजे सेल्फला वीज सोडणारा स्विच, नुसता टकटक करतो आणि हँडलवरच्या मीटरचा डिस्प्ले विझतो. बॅटरी जिथून घेतली तिथे सांगितलं होतं, "सोलापूरची गरमी हाय अण्णा, बॅटरी टिकत नाही." यात तथ्य आहे, नाही असं नाही. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, नुसती ठेवली तरी लवकर उतरते. पण उन्हाने मरणारी बॅटरी महिन्या-महिन्याने मरत जाते. चार्ज करून दिलेली नवी बॅटरी तिसऱ्या दिवशी बसते, तेव्हा तिला कोणीतरी पीत असतं.

बॅटरीला मल्टिमीटर लावला. 12.1 व्होल्ट. म्हणजे निम्म्याच्याही खाली. टर्मिनल घट्ट, बुरशी नाही, अर्थिंगचा बोल्ट स्वच्छ. बॅटरी काढून चार्जिंगला लावली, अर्ध्या अँपिअरवर. पाच अँपिअर-तासाच्या बॅटरीला एवढंच द्यायचं, क्षमतेचा दहावा भाग. लवकर हवी म्हणून मोठ्या चार्जरवर दोन तासांत फुगवून देणारे आहेत, त्यांचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतंच. दुसऱ्या दिवशी चार्जर काढून काही तास तशीच ठेवली, मग मोजली. 12.7. सेल्फ मारताना 10.3 पर्यंत खाली आली. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. इंजिन चालू करून रेस दिली तर 14.2. म्हणजे वीज तयार करणारी कॉईल ठीक, ती मापात बॅटरीला देणारा रेग्युलेटर ठीक. बॅटरी बिचारी निर्दोष.

राहिली गळती, म्हणजे चावी बंद असतानाही बॅटरीतून जाणारी वीज. चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवली आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मीटर लावला, 10 अँपिअरच्या भोकात. (असा मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. दुकानातल्या पोरांना हे मी रोज सांगतो आणि तरी फ्यूजची डबी रिकामी होते.) आकडा आला 60 मिलिअँपिअरच्या आसपास. जास्त होता. पण बघत बसलो तर सात-आठ मिनिटांनी झपकन 6 वर आला.

सीटखाली जीपीएस ट्रॅकर होता. अण्णांची आधीची गाडी चोरीला गेलेली, म्हणून या गाडीला घेतल्या घेतल्या बसवून घेतलेला. वायर जोडली की हे यंत्र जागं होतं, गाडी हलत नाही असं दिसलं की झोपतं. झोपेत 6 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. गाडी दोन-तीन दिवस दुकानातच ठेवून घेतली, बॅटरी 12.6 च्या खाली आली नाही. गाडी नेली आणि तिसऱ्या दिवशी फोन. "मास्तर, पुन्हा टकटक."

या वेळी मी मीटर पिशवीत टाकून त्यांच्याच घरी गेलो. गाडी कारखान्याच्या भिंतीला लागून बोळात उभी. तिथे दुपारी सावली असते, म्हणून जागा ठरलेली. आत माग चालू. पूर्व भागात राहणाऱ्याला तो आवाज ऐकूही येत नाही इतका सवयीचा, पण मी गाडीच्या आरशावर हात ठेवला तर बोटांना मुंग्या आल्या. बोळातली शहाबादी फरशी आणि मागांखालची फरशी एकच.

निगेटिव्ह सोडवून मीटर लावला. 58. दहा मिनिटं झाली, 58. अर्धा तास झाला, आकडा जागचा हलेना. अण्णांच्या आईने वरून चहा पाठवला आणि जिन्यातूनच म्हणाल्या, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी बरी चालू होतीय की रे ही."

अण्णांनी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं.

एक वाजला, जेवणाची सुट्टी झाली. एकेक करत माग थांबले, शेवटचा थांबला तेव्हा कान बधिर झाल्यासारखे वाटले. मी मीटरवरून नजर हलवली नाही. 58… 58… काही मिनिटांनी 6. कामगार जेवून आले, पहिला माग सुरू झाला, दुसरा झाला आणि आकडा उडी मारून परत 57.

"म्हंजे मागामुळं बॅटरी उतरायलीय?" अण्णा बघतच राहिले.

तसंच म्हणायचं. ट्रॅकरमध्ये कंप ओळखणारा सेन्सर असतो. गाडी हलली की त्याला वाटतं कोणीतरी नेतंय. इथे भिंतीपलीकडे दिवसपाळी-रात्रपाळी माग चालू, त्यामुळे यंत्राला झोपच नाही. हिशेब मांडून दाखवला. 58 मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे जवळजवळ 1.4 अँपिअर-तास. दोन दिवसांत निम्मी बॅटरी गेली. गाडी चालते किती, तर घर ते बाजार, दोन किलोमीटर. त्यात सेल्फने घेतलेलं कसंबसं भरून निघतं, ट्रॅकरचं कुठून भरणार?

"मग गाडीसाठी माग बंद ठिवायचे का?" आजी आता खाली आल्या होत्या.

तशी वेळ आली नाही. ट्रॅकरला चार वायर होत्या. लाल बॅटरीला, काळी अर्थला, पिवळी इंजिन बंद पाडणाऱ्या रिलेसाठी, ती इथे लागतच नव्हती. आणि नारिंगी इग्निशनला जायला हवी, म्हणजे चावी बंद आहे हे यंत्राला कळतं. बसवणाऱ्याने ती टेप गुंडाळून तशीच सोडलेली. मग यंत्राने बिचाऱ्याने कंपावरच भरवसा ठेवला. चावीने चालू-बंद होणाऱ्या लाईनवर, फ्यूजच्या पुढे, नारिंगी जोडली, सोल्डर मारून स्लीव्ह चढवली. अण्णांच्या मोबाईलवरून ट्रॅकरला मेसेज पाठवून झोपेची सेटिंग चावीवर केली. पुन्हा मीटर लावला. माग धडधडत होते आणि आकडा 6.

बॅटरी मात्र एवढ्यांदा तळाला गेली होती की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर थोडाफार धरलाच असणार, त्याने बॅटरीची ताकद घटते. दुकानात नेऊन परत सावकाश भरली. लोड टेस्टला, म्हणजे भार टाकून तपासली तेव्हा, उभी राहिली, म्हणून नवी घ्यायला लावली नाही. बॅटरी भरायला पंधरवड्यातून एकदा तिऱ्हे गावापर्यंत तरी लांब चक्कर मारा, एवढं सांगितलं.

त्यांच्याच गल्लीतून मागच्या आठवड्यात आणखी एक गाडी आली. अण्णांनीच पाठवलेली, "ट्रॅकरचं बघा" असा निरोप घेऊन. तोच ट्रॅकर, तीच टेप गुंडाळलेली नारिंगी वायर. जोडून टाकली. पण गळती आधीच 6 होती, ट्रॅकर निवांत झोपत होता. इंजिन चालू करून रेस दिली तर चार्जिंग 12.9 च्या वर जाईना. रेग्युलेटर गेलेला.