सासरचं मूळ गाव, घर नंबर १४

रविवारी जाऊ नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

नवरा मिनेसोटाचा. त्याचे खापरपणजोबा १८६७ साली जर्मनीतल्या लिप्पे संस्थानातून अमेरिकेत आले. संस्थान म्हणजे आपल्या औंध-जमखिंडीसारखंच, राजधानी डेटमोल्ड. घरात एक पिवळा पडलेला कागद आहे. त्यावर गावाचं नाव, आडनाव आणि पुढे नुसतं 'नं. १४'. चौदा म्हणजे काय, हे चार पिढ्यांत कुणी विचारलं नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून आम्हा दोघांना पाठवलं. मूळ गाव म्हटल्यावर मला आपलं कुलदैवताला जातो तसं वाटलं होतं: गेलं, भावकी भेटली, नारळ फोडला, परत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्या आडनावाची माणसं अजून तिथे राहतात.

बीलेफेल्डहून डेटमोल्डला साधी रेल्वे जाते, त्यात काही अडचण नाही. अडचण पुढच्या बसची. फोनमधल्या नकाशात रविवारी दर दोन तासांनी बस दिसत होती. थांबा होता, बाक होता, खांबावर वेळापत्रक होतं. बस आली नाही. पुढचीही आली नाही. मग नवऱ्याने वेळापत्रकाच्या तळाची बारीक अक्षरं वाचली: ही फेरी फोन केला तरच सुटते, आणि फोन निदान तासभर आधी करायचा. रविवारी तिथे फोन कुणी उचलेना. जर्मनीच्या खेड्यापाड्यांत असल्या 'फोनवरच्या बस' बऱ्याच ठिकाणी आहेत. वेळेच्या शेजारी टेलिफोनचं चित्र किंवा एखादं अक्षर दिसलं, तर ती बस आहे असं धरूच नका.

मग चाललो. सात किलोमीटर. राजगड-तोरणा भर उन्हात केलाय मी, सात किलोमीटरचं मला काय! पण त्या रस्त्याला पायवाट नाही, साइडपट्टी नाही, आणि गावाबाहेर गाड्यांना ताशी १०० किलोमीटरची मुभा. दर मिनिटाला गवतात उतरायचं, गाडी गेली की पुन्हा वर यायचं. गवत ओलं, खाली चर. मधे एक वळण असं की समोरून येणाऱ्याला आपण दिसतच नाही. त्या वळणावर मी नवऱ्याच्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार केला. शेताकडेची वाट असते, हायकिंगच्या नकाशात सापडते, दोन किलोमीटर जास्त पडली तरी तीच घ्या. परत यायला टॅक्सी बोलावली, तर ती डेटमोल्डहून निघाली तिथपासूनचं भाडं लावलं. ५८ युरो. फोनवरच विचारा, 'आन्फार्ट' (आपल्यापर्यंत रिकामं येण्याचं भाडं) वेगळी लावणार का. आम्ही विचारलं नाही.

आणि एवढं करून गावात काय मिळालं? काही नाही. दुकान बंद, चर्चला कुलूप, आणि दफनभूमीत १९८० च्या आधीचा दगड शोधून सापडला नाही. वंशावळीवाले सगळे सांगतात, आधी थडगी बघा. अमेरिकेत ठीक आहे. जर्मनीत थडग्याची जागा भाड्याने असते, बहुतेक ठिकाणी २० ते ३० वर्षं. मुदत संपली, कुणी वाढवली नाही, की दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं थडगं मिळणारच नाही. त्यासाठी खेड्यात जाऊ नका.

जायचं ते डेटमोल्डच्या चर्च-अर्काइव्हमध्ये, आधी वेळ ठरवून. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी जर्मनीभर १८७६ पासून आहे, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. लिप्पे १६०५ साली प्रोटेस्टंटांतल्या रिफॉर्म्ड पंथात गेलं, तिथलं लेमगो शहर मात्र हट्टाने लुथरन या दुसऱ्या पंथातच राहिलं. म्हणजे पंथ चुकला की वही चुकली. लिपी कुरेन्ट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. आजच्या जर्मन माणसाला ती वाचता येत नाही, आपल्याला मोडी येत नाही तसंच. वर्णमालेचा छापील तक्ता सोबत न्या, दुसऱ्या तासाला डोळा बसतो.

चौदाचा उलगडा तिथे झाला. गावातल्या प्रत्येक शेतघराला नंबर असायचा आणि शेतघराला नावही. कुणी त्या घरात लग्न करून राहायला आला, तर तो घराचं नाव घ्यायचा आणि स्वतःचं सोडायचा. नवऱ्याच्या पूर्वजाचा बाप जन्मला वेगळ्याच आडनावाने, चौदा नंबरात घरजावई झाला आणि आडनाव बदललं. म्हणजे लग्नानंतर मी घेऊ की नको म्हणून महिनाभर वाद घातला, ते आडनाव मुळात एका घरजावयाने उचललेलं! नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तेव्हा लिप्पेत आडनावाच्या मागे धावू नका, नंबराच्या मागे जा. आता रस्त्यांना नावं आली आहेत, पण कुठल्या जुन्या नंबराचं घर कुठलं, ते गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींकडे मिळतं.

स्मारकांचं थोडक्यात. हर्मनचा पुतळा बघाच. चौथऱ्यासकट ५३.४६ मीटर, काम १८३८ ला सुरू, उद्घाटन १८७५ ला. डेटमोल्डच्या हिडेसेन भागाकडून चढ आहे, पण सिंहगड चढणाऱ्याने त्याचं नाव काढू नये. इसवी सन ९ मध्ये रोमनांना हरवलेल्या आर्मिनियसचा, म्हणजेच हर्मनचा, हा पुतळा. लढाई मात्र बहुधा इथे झालीच नाही, पुरावे ओस्नाब्र्युकजवळच्या काल्क्रीझेला सापडले. स्थलांतरितांनी मिनेसोटात न्यू उल्मला १८९७ साली स्वतःचा हर्मन उभारला. तो आम्ही आधी पाहिला होता, त्यामुळे खरा पाहूनही 'हा मोठा आहे' एवढंच सुचलं. एक्स्टर्नश्टाइनेचे सुळके सुंदर, खडकातलं क्रूसावरून उतरवण्याचं शिल्प त्याहून सुंदर. प्राचीन मूर्तिपूजकांच्या देवळाच्या गोष्टी मात्र ऐकून सोडून द्या, ठोस पुरावा नाही. लेमगोत चेटकिणींच्या खटल्यांचं संग्रहालय आहे, दोनशेहून जास्त माणसं मारली तिथे. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. डेटमोल्डचे दोन दिवस मजेत गेले.

गुरुवारी पुन्हा गावात गेलो, या वेळी बस आदल्या संध्याकाळी फोन करून ठरवली. नऊ आसनी गाडी आली, प्रवासी आम्ही दोघंच. चौदा नंबरात आता दुसरंच कुटुंब राहतं. अंगणात शिरू नका, बेल वाजवा आणि जर्मनमध्ये छापलेला वंशवृक्ष हातात द्या. आमची इंग्रजी पाच मिनिटांत संपली, कागद तासभर चालला. घरमालकीणबाई आम्हाला मोठ्या दारापाशी घेऊन गेल्या. कमानीच्या तुळईवर कोरलेलं: बायबलमधली ओळ, तेव्हाच्या घरधन्याचं नाव, त्याच्या बायकोचं माहेरच्या आडनावासकट नाव, साल १८३१. सासूबाईंच्या वंशवृक्षात त्या बाईच्या जागी इतकी वर्षं प्रश्नचिन्ह होतं.

फोटो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, दुपारी अक्षरं उठत नाहीत. आम्ही तिथेच चारपर्यंत थांबलो, कॉफी झाली, केक झाला, परतीच्या बसला फोन करायचा राहिला. बाईंनीच स्टेशनवर सोडलं. आणि हो, जर्मनीभर लोकल गाड्या-बसना चालणारं डॉइचलँड-तिकीट घेतलंत तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा. ते मासिक वर्गणीचं असतं, आमचे दुसऱ्या महिन्याचेही पैसे गेले.