सालदाराचं साल

आखाजीला आमच्या खानदेशात दोन गोष्टी होतात. शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं आणि बायको माहेरी जाते. मी जळगावात नोकरी करतो, त्यामुळे पहिलीशी आता संबंध उरला नाही. दुसरीने मात्र लग्नापासून, म्हणजे 17 वर्षं, जीव खाल्लाय.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर (म्हणजे खरबूज) ठेवतात, सांजोऱ्या तळतात, आणि माहेरवाशिणी लिंबाच्या झाडाला झोके बांधून सासरची गाऱ्हाणी गातात. ही सुरत पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरली की मी फोन सुरू करतो. पोचलीस का? जेवलीस का? एवढं कोण हसतंय? तिकडून झोक्याच्या दोराची करकर ऐकू येते आणि 'मग बोलते' म्हणून फोन बंद. मला त्या लिंबाचासुद्धा राग येतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तर आई आजारी असल्याचं सांगून मी तिसऱ्याच दिवशी तिला घेऊन आलो. आई ओट्यावर बसून शेवया वळत होती. पुढचे आठ दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

ती तरी कुठे कमी आहे! एका हिवाळ्यात मित्राच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्याच्या बायकोने बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. दोनदा मागून घेतलं हे मी घरी येऊन सांगितलं. (का सांगितलं, देव जाणे.) त्या हिवाळ्यात आमच्या घरात वांगं आलं नाही.

गेल्या आखाजीला मी एका दिवसात 11 फोन केले. परत आल्यावर ती म्हणाली, "गुराखी गुरंसुद्धा इतक्यांदा मोजत नाही. मी काय तुमना सालदार शे का?" रागाने ती अहिराणीवर आली की मी गप्प बसतो.

पण तो सालदार डोक्यातून जाईना. माझ्या लहानपणी आमच्याकडे सालदार होता. एरवी त्याच्यावर खेकसणारे वडील आखाजीच्या सकाळी अगदी मऊ बोलत, त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवत. त्याने शेजारच्या मळ्यात साल धरलं तर? तो 'राहतो' म्हणेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. एवढी धास्ती होती, तर वर्षभर खेकसायचं कशाला, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं, पण उपयोग काय! मीही त्यांचाच मुलगा.

यंदा ठरवलं, दोनच फोन करायचे. दुसरा दुपारी झाला. मग फोन उशाखाली ठेवून पंख्याकडे बघत पडलो. रात्री साडेदहाला तिचाच आला.

"दुपारपासून फोन नाही. घरी कोण आलंय?"

मी मुद्दामच जरा वेळ काही बोललो नाही.