काय काय होतं त्यात?

रविवार, रात्र

अक्काचा प्रश्न साधा होता. फोनवर म्हणाली, "आलं ना सगळं?" म्हटलं, आलं, थोडंसं गेलं. "थोडंसं म्हणजे काय काय?" आणि मला सांगताच येईना. ती बिचारी लगेच दुसऱ्या विषयावर गेली, शेंगा चटणी कोणाबरोबर पाठवतोस वगैरे. मी मात्र संध्याकाळपासून तिथंच अडकलोय.

घरफोडी झाली की पंचनामा तरी होतो. पाटल्या दोन, घड्याळ एक, रोख इतकी. रडायला काहीतरी आकार असतो. इथे घरातले फोटो-व्हिडिओ ठेवलेल्या डिस्कांवरच्या आठ टीबीतून (टेराबाइट) काहीतरी गेलंय, एवढंच माहीत. काय गेलं ते आठवायला ज्यात बघायचं तेच गेलंय.

तीन डिस्कचं रेड फाइव्ह, चार-चार टीबीच्या, म्हणजे तिन्ही जोडून एकच साठा, त्यातली एक मेली तरी डेटा वाचतो. त्यात चौथी घालून रेड सिक्स करायचं, म्हणजे एकाऐवजी दोन डिस्क मेल्या तरी चालेल. अण्णांनी तेव्हाच विचारलं होतं, "जागा किती वाढली?" काहीच नाही. आधी आठ, नंतरही आठच. "मग पैसे कशाचे दिलास बे?"

पॅरिटी म्हणजे मेलेल्या डिस्कवरचं परत काढता यावं म्हणून लिहिलेला जादा हिशेब. अण्णांना ती समजावून सांगायची माझी तयारी होती, त्यांची नव्हती. दुसऱ्या पॅरिटीला जागा करायची तर प्रत्येक पट्टा, म्हणजे सगळ्या डिस्कांवर पसरलेला डेटाचा एकेक तुकडा, उचलून पुन्हा मांडावा लागतो. डेटाची जागा तितकीच राहत असल्यामुळे हे सगळं जुन्याच जागेवर लिहिलं जातं. लिहिता लिहिता लाईट गेली तर तो पट्टा ना जुना ना नवा. म्हणून त्याची प्रत आधी एका बॅकअप फाइलीत जाते, आणि ती फाइल या डिस्कच्या बाहेर कुठेतरी टिकाऊ जागी हवी. हे काम ज्याला दिलं त्या दुकानवाल्याने मशीन पेनड्राइव्हवरून चालू केलं होतं आणि फाइल ठेवली होती तिथल्याच होम फोल्डरमध्ये. म्हणजे रॅममध्ये, जी लाईट गेली की रिकामी होते. मे महिना, सोलापूर, दुपारची वेळ. पुढचं सांगायला नको. त्याच्या यूपीएसने जेमतेम शिट्टी वाजवली म्हणे.

पुन्हा चालू केल्यावर स्क्रीनवर ओळ आली, फेल्ड टू रिस्टोअर क्रिटिकल सेक्शन फॉर रिशेप, सॉरी. 'सॉरी' खरंच लिहिलेलं असतं त्यात. दुकानवाला काही तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, लाईट गेली त्याला मी काय करू, आणि ॲरे, म्हणजे डिस्कांचा हा जोडलेला संच, नव्याने 'क्रिएट' करायला निघाला. भाच्याला पुण्याला फोन लावला तर तो ओरडलाच, "मामा, त्याला कीबोर्डला हात लावू देऊ नका!" जुन्या डिस्कवर नवीन रचना लिहिली, क्रम किंवा सुरुवातीची जागा चुकली, की उरलेलंही वाचता येत नाही. मी चारी डिस्क काढून घेतल्या, त्यांच्यावर खडूने क्रमांक घातले आणि पिशवीत घालून घरी आणल्या.

पुढचं सगळं भाच्याने केलं, त्याच्या रात्रपाळीच्या मधल्या वेळात, तिकडूनच. मूळ डिस्क फक्त वाचायच्या, जे लिहायचं ते बाजूच्या फाइलीत जाईल अशी सोय आधी केली. ती बाजूची जागा म्हणून हिच्या ऑफिसची एक डिस्क उसनी घेतली होती, त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. मग एमडीएडीएमला, म्हणजे रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचं, बॅकअप फाइल नाही हे धरूनच चल. इनव्हॅलिड बॅकअप नावाचा पर्यायच आहे तसा. ॲरे उभा राहिला. फाइल सिस्टिम तपासली. सगळं उसन्या डिस्कांवर उतरवून घेतलं.

आलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे फोटो आले, सातही नंदीध्वज, संमती कट्ट्यावरची अक्षतांची गर्दी, बाराबंदीतला मी, तेव्हाचं पोट. अक्काच्या लग्नाची कॅसेट उतरवलेली, ती आली. आईची ती क्लिपही आली. ती अजून लावली नाही.

मग रडतोयस कशाला, असं ही म्हणाली. बरोबरच आहे. गेला तो काही एमबीचा एक पट्टा. आठ टीबीत त्याची टक्केवारी काढली तर दशांशचिन्हानंतर शून्यंच शून्यं. पण भाच्याने समजावलं त्यानंतर झोप उडाली. तो पट्टा फाइलींचा नव्हता, फाइलींच्या नोंदींचा होता. एक नोंद 256 बाइटची, म्हणजे एका एमबीत 4096 नोंदी. फोटो स्वतः डिस्कवर कुठेतरी अजून पडलेलाही असेल, फक्त तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही.

भाच्याने तपासणीचा लॉग पाठवलाय. ज्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत म्हणून काढून टाकलं अशा फोल्डरांची नावं त्यात आहेत. मला वाटलं, झालं, यादी मिळाली. यादी अशी: 'न्यू फोल्डर (3)'. 'मोबाइल जुना'. 'बघायचे'.

'बघायचे'! हे फोल्डर मीच केलं असणार, घरात दुसरं कोण असली नावं ठेवतं. काय बघायचं होतं? केव्हा? जे वेळ मिळाल्यावर बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं नेमकं तेच गेलं, आणि ते कधी बघितलंच नसल्यामुळे काय होतं ते आठवत नाही. हे म्हणजे दुःखही नीट करता येत नाही. 'अक्का' नावाचंही एक आहे त्या लॉगमध्ये. ते तिला बोललो नाही.

आता जो तो मला सांगतोय की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. शेजारचे काका, ज्यांना व्हॉट्सॲपचे फोटो डिलीट करता येत नाहीत, तेही सांगून गेले.

दुसरा एक ढीग आहे. लॉस्ट अँड फाउंड, म्हणजे तपासणीत सापडलेल्या बेवारशी फाइलींचं फोल्डर. यांचं उलट झालंय, नोंद शाबूत, पण ज्या फोल्डरात नाव लिहिलेलं होतं ते गेलं. त्यामुळे प्रत्येकाला नाव म्हणून नुसतं हॅशचं चिन्ह (#) आणि पुढे आकडा. आज जेवणानंतर त्यातल्या काही टीव्हीवर लावल्या. अण्णांच्या डिझाइनचे आलेख निघाले, चादरीचे, चौकटीच्या कागदावर रंगवलेले. भरलेला चौकोन म्हणजे जॅकार्डच्या कार्डाला भोक, भोक म्हणजे तो उभा धागा वर. मूळ कागद वाळवीने कधीच संपवले. आणि कारखाना, तो विषय नको.

अण्णा खुर्ची ओढून टीव्हीच्या नाकाशी बसले. ही मोराची. ही बॉर्डर नंतर बदलली, गिऱ्हाइकाला लाल फार वाटला. आकड्यांना भराभर नावं मिळायला लागली, मी टाइप करत गेलो. एका आलेखापाशी थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "ही आपली नव्हे."

"मग कोणाची?"

"समोरच्या कारखान्याची. मी उतरवून घेतली होती."

ही स्वयंपाकघरातून हसली. मी विचारलं, ठेवू का काढू? म्हणाले, "ठेव की. आता कोण येतंय भांडायला?" मग स्वतःच म्हणाले, आपल्या मोराच्या बॉर्डरलाही त्यांनी हात घातलाच होता, हिशेब मिटला.

आलेल्यातलंच निम्मं आपलं आहे का ते विचारून घ्यावं लागतंय, आणि मी गेलेल्याची यादी मागत बसलोय. अक्काला उद्या सरळ सांगणार आहे, तिघांचा ऐवज होता, कोणालाच आठवत नाही. 'अक्का' फोल्डरचंही सांगेन. बहुतेक. तिलाच काहीतरी आठवेल, नाहीतर ती एखादं भलतंच आठवून भांडेल, तेही चालेल.

उरलेले आलेख उद्या काढायचे आहेत. अण्णांची वेळ दुपारच्या झोपेनंतरची. अट एकच, नावं ते सांगतील तीच घालायची, 'नमुना 1', 'नमुना 2' असलं काही चालणार नाही.